ओळख देणारा माणूस

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला तो 'आपली सोसायटी, आपलं घर'. पंचवीस वर्षांचा आढावा सेक्रेटरी साहेबांनी आकड्यांसह आत्ताच मांडला आहे. प्लॉट किती, बांधकामं किती, पाण्याची टाकी कधी झाली, रस्ता कधी झाला, हे सगळं त्यात आलं. मी बँकेत पस्तीस वर्षं काढली, त्यामुळे ताळेबंद वाचून दाखवायची हौस माझी केव्हाच फिटली आहे. म्हणून मी विषय जरा उलट्या बाजूने धरतो. घर पडतं, गाव वाहून जातं किंवा मातीत जातं, तेव्हा माणूस कशाला धरून राहतो? सरकार नवं घर देतं, पक्कं देतं, तरी त्याचा पाय जुन्या जागेकडे का वळतो?

हा विषय आपल्या भातकुलीला परका नाही. आपल्या भागातली जुनी समजूत सगळ्यांना ठाऊक आहे की भातकुली म्हणजे पुराणातलं भोजकट. रुक्मिणीहरणानंतर रुक्मी कृष्णाच्या मागे निघाला. बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाय ठेवणार नाही, अशी त्याची प्रतिज्ञा होती. हरला. प्रतिज्ञा मोडता येईना आणि घरी जाता येईना. मग जिथे होता तिथेच त्याने नवं नगर वसवलं, ते भोजकट. म्हणजे परंपरा खरी धरली तर आपलं गाव ज्याला स्वतःच्या गावी परत जाता आलं नाही अशा माणसाने वसवलेलं आहे. बहिणीचं मात्र बरं आहे. कौंडण्यपुराहून तिच्या माहेरची पालखी आजही दर आषाढीला पंढरपूरला जाते. बहिणीचं माहेर सुटलं नाही, भावाचं सुटलं. असो. हे पुराण झालं. आता मी पाहिलेलं सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, तळणी, राजेगाव, पेठसांगवी ही नावं त्या आठवड्यात घराघरांत पोचली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आपल्याकडे धाब्याचं घर म्हणतात तसं तिकडे माळवदाचं घर. दीड-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, दगडांच्या मध्ये नुसता चिखल, आणि वर लाकडी सऱ्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात थंड, थंडीत उबदार, चोराला भिंत फोडता येत नाही. पिढ्यान् पिढ्या ज्या भिंतींनी राखलं त्याच अंगावर आल्या. दगडाला दगड बांधून ठेवणारं काही नव्हतंच.

१९९४ च्या उन्हाळ्यात माझी बदली त्या भागातल्या एका शाखेत झाली. घरची मंडळी अमरावतीला, मी तिकडे एकटा. दोन वर्षं होतो. शाखेत काम एकच, खाती उघडणं. सानुग्रह मदतीचे चेक, नुकसानीचे चेक, आणि पुढे घरदुरुस्तीच्या अनुदानाचे हप्ते, सगळं खात्यातून जायचं. ज्यांनी आयुष्यात बँकेची पायरी चढली नव्हती अशा हजारो माणसांची खाती उघडायची होती.

इथल्या तरुण मंडळींना हे सांगावं लागेल. तेव्हा आधार कार्ड नव्हतं. खातं उघडायच्या फॉर्मवर एक रकाना असायचा, 'परिचय देणाऱ्याचे नाव, खाते क्रमांक व सही'. ज्याचं आधीपासून खातं आहे अशा कोणीतरी सांगायचं की या माणसाला मी ओळखतो, हा हाच आहे. त्याशिवाय खातं उघडत नसे. एरवी हा रकाना म्हणजे नुसता उपचार. शाखेबाहेरचा चहावालाही दिवसाला पाच जणांची ओळख देऊन जायचा. पण त्या वर्षी त्या एका रकान्याने मला गाव म्हणजे काय ते शिकवलं.

एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, डोक्याला पटका, हातात फॉर्म. सगळं भरलेलं, परिचयाचा रकाना कोरा. मी म्हटलं, बाबा, तुमच्या गल्लीतलं कोणी आणा, ज्याचं खातं आहे. ते म्हणाले, "गल्ली नाही राहिली, सायेब." मग त्यांनी बोटं मोडत घरं मोजली. इकडचं पहिलं, त्याच्या लागून दुसरं, समोरचं, कोपऱ्यावरचं. अकरा घरं. त्यात खातं असलेले तीन कर्ते पुरुष होते. तिन्ही गेले. तलाठ्याचा दाखला चालला असता, पण त्या दिवशी तलाठी दुसऱ्या गावी होते, आणि रांगेत दोनशे माणसं. बाबा म्हणाले, मी म्हणजे मीच हाये, हे आता कुणी सांगावं?

दुसऱ्या दिवशी ते एकाला घेऊन आले. गावचा न्हावी. त्याचं बँकेत जुनं खातं होतं, शेळ्यांच्या कर्जाचं. तो काउंटरवर वाकून म्हणाला, "सायेब, तीस वर्सं झाली, या बाबाची दाढी मीच करतो. हनुवटीखाली वण हाये बघा, त्यो माझ्याच वस्तऱ्याचा." बाबांनी मान वर करून वण दाखवला. आमचे सगळे कारकून काम सोडून बघत होते. मी फॉर्मवर लिहिलं, 'परिचय समाधानकारक.' पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतका समाधानकारक परिचय मला दुसरा मिळाला नाही.

तिथली दुसरी गंमत अशी की टोकन नंबर पुकारला तर कोणी उठत नसे. सगळे बसून राहायचे. पितळेचा बिल्ला हातात, पण त्यावरचा आकडा आपला आहे असं कोणाला वाटेचना. शेवटी आमच्या शिपायाने युक्ती केली. तो दारात उभा राहून गल्लीचं नाव घ्यायचा, मारुतीची गल्ली, विहिरीची गल्ली, पाटलाची गल्ली. लगेच वीस जण उठायचे आणि आपसात ठरवून रांग लावायचे, म्हातारे पुढे, लेकुरवाळ्या बाया पुढे. त्या गल्ल्या तेव्हा जमिनीवर नव्हत्या. दगडांचे ढीग होते आणि मधून वाट. पण बँकेच्या वऱ्हांड्यात त्या बरोबर उभ्या राहत.

पत्त्याच्या रकान्याचंही तसंच. लोक राहत होते पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये, तिला नंबर होता. पण पत्ता विचारला की जुनाच सांगायचे, अमक्याच्या वाड्याच्या मागे.

पुढे नवी गावं बांधून झाली. सरकारने, जागतिक बँकेच्या मदतीने आणि देशभरातल्या संस्थांच्या हातभाराने हे केलं. बावन्न गावं जुनी जागा सोडून नव्या जागेवर वसवली. मी पुनर्वसनाला नावं ठेवणाऱ्यांतला नाही, हे आधीच सांगतो. ज्यांनी ते घडवलं त्यांनी अफाट काम केलं. जमीन संपादन, पाणी, वीज, शाळा आणि हजारो घरं, तेही पाच-सहा वर्षांत. आपल्याला एक गट्टूचा रस्ता करायला तीन वर्षं लागली, हे लक्षात ठेवून मग बोलावं.

पण घरं दिली कशी? जमिनीच्या मापाने. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला अडीचशे चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला चारशे, सातच्या वर साडेसातशे. कागदावर यात काही चूक नाही. बँकेत मीही असाच तक्ता केला असता. तथापि बऱ्याच गावांत बांधताना एका मापाची घरं एका बाजूला आली. म्हणजे गल्ली मापाने पडली. जुन्या गावात शेतकऱ्याच्या वाड्याला लागून त्याच्याकडे कामाला येणाऱ्याचं घर, पलीकडे सुताराचं, मागे चुलतभावाचं. भांडणं होती, जातीपातीच्या भिंती होत्या, ते झाकून ठेवायचं कारण नाही. दलितांची वस्ती गावाबाहेर असायची, आणि नव्या नकाशातही ती बाहेरच्या बाजूलाच पडली अशी गावं होती. सगळं जुनं ते सोनं असं मी म्हणत नाही. पण रोजचं देणंघेणं ज्यांच्याशी होतं ती माणसं अर्ध्या किलोमीटरवर गेली. विरजण मागायला अर्धा किलोमीटर कोण जातं?

आणि रस्ते. सरळ, रुंद, शहरातल्या कॉलनीसारखे. पाहुण्यांना आवडायचे. एक बाई मला म्हणाली, इथं दारात बसलं की समोरचीशी बोलायला ओरडावं लागतंय, लोकांना वाटतंय आम्ही भांडतोय. जुनी गल्ली इतकी अरुंद की बैलगाडी आली तर माणसाने ओट्यावर चढायचं, पण भाजी निवडता निवडता चार घरच्या बाया हळू आवाजात सुखदुःख बोलायच्या. भूकंपाच्या दृष्टीने रुंद रस्ता बरोबर. बाईच्या दृष्टीने चूक. दोन्ही खरं आहे.

सिमेंटच्या छताची भीती हा आणखी एक प्रकार. घर भूकंपात टिकेल असं इंजिनिअरने सांगितलं तरी कित्येक जण रात्री बाहेर, शेजारी टाकलेल्या पत्र्याखाली झोपायचे. घरात कडबा, अवजारं, ज्वारीची पोती. घराला मी कोठार म्हणायचो आणि पत्र्याला घर.

ज्या गावांचं नुकसान कमी होतं, तिथे घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची योजना होती. जवळपास दोन लाख घरं त्यात होती. अनुदान हप्त्याने मिळायचं, काम ज्याचं त्याने करून घ्यायचं. त्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं. भिंतीत बांधदगड कसा घालायचा, कोपरे कसे बांधायचे, पुढचा हप्ता कधी मिळतो, हे त्या घरोघर समजावून सांगत. यांतल्या काही जणी आमच्या शाखेत येऊन मलाच नियम सांगायच्या, आणि बरोबर सांगायच्या. माझ्या नजरेला असं दिसलं की जी माणसं आपल्याच गल्लीत राहून आपल्याच हाताने घर सावरत होती ती लवकर हसायला लागली. याचा काही कागद माझ्याकडे नाही. काउंटरच्या आतून दिसलं ते सांगतो.

आणि जुनी जागा? ती सुटली नाही. लोकांचं तिकडे जाणं-येणं चालू राहिलं. वावरात जाताना वाट वाकडी करून जायचे. जुन्या किल्लारीतल्या निळकंठेश्वराला माणसं अजून जातात. एका शेतकऱ्याने मला सांगितलं की सुरुवातीचे कित्येक महिने त्याची म्हैस संध्याकाळी सोडली की नव्या गावाकडे येतच नसे, सरळ जुन्या गोठ्याच्या जागी जाऊन उभी राहायची. तो म्हणाला, तिला आणायला म्हणून मी जायचो, आणि मग दोघंही तिथंच बसायचो.

हे फक्त मराठवाड्याचं आहे असं कोणी समजू नये. वर्धा नदीच्या अलीकडे आपला वरुड तालुका आणि पलीकडे नरखेड तालुक्यातलं मोवाड. इंग्रजी अमदानीपासून नगरपालिका असलेलं गाव. ३० जुलै १९९१ ला वर्धेला महापूर आला आणि मोवाड वाहून गेलं. २०४ माणसं गेली. तेव्हा अमरावतीत ज्याचा मोवाडशी सोयरसंबंध नाही असं घर शोधावं लागलं असतं. गावाचं पुनर्वसन झालं. पण नाव बदलावं असं कोणाच्या मनात आलं नाही. मोवाडच. आणि दर ३० जुलैला लोक गेलेल्यांना श्रद्धांजली वाहायला जमतात. योगायोग कसा पाहा, पुढे २०१४ साली त्याच तारखेला, ३० जुलैलाच, पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेलं. १५१ माणसं. गाव दिसत नाही हे पहिल्यांदा एसटीच्या ड्रायव्हरच्या लक्षात आलं, कारण त्याला रोज ते दिसायचं. नवं माळीण २०१७ च्या एप्रिलमध्ये वसलं आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथले रस्ते, भिंती खचल्या. लोक घाबरले, पण गाव पांगलं नाही.

आपल्याच तालुक्यात निम्न पेढी प्रकल्पापायी उठलेल्या गावांची माणसं आपल्याला बाजारात भेटतात. तो देवाचा कोप नव्हे, धरणाचं काम. पण त्यांना "कोणतं गाव?" म्हणून विचारा, आधी जुनं सांगतात, मग "म्हणजे आता पुनर्वसन" असं जोडतात. 'पुनर्वसन' हा शब्दच आता गावाच्या नावासारखा वापरला जातो, याचं मला वाईट वाटतं.

आता सोसायटीवाल्यांसाठी एक उदाहरण. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पूरग्रस्तांना आधी निसेन हटमध्ये ठेवलं, त्या अर्धगोल पत्र्याच्या. पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. आणि पूरग्रस्तांच्या शंभराहून जास्त सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. म्हणजे आपण आज ज्या कायद्याखाली इथे बसलो आहोत, तोच सहकार. जमिनीच्या मालकीचा त्यांचा प्रश्न पन्नास वर्षांहून जास्त रेंगाळला. पण पूर ओसरल्यावर विखुरलेल्या माणसांना एका नावाखाली, एका रजिस्टरमध्ये, एका सभेत बसायला मिळालं. मला सहकारी संस्थेचा खरा उपयोग हा वाटतो. मेंटेनन्स वसूल करणं हा दुय्यम.

जपानने हा धडा फार महाग शिकला. १७ जानेवारी १९९५ ला कोबे शहरात भूकंप झाला. तात्पुरती घरं देताना म्हाताऱ्यांना आणि अपंगांना अग्रक्रम दिला आणि लॉटरी काढली. हेतू चांगलाच होता. पण झालं काय, एकेका चाळीत अनोळखी म्हातारे शेजारी शेजारी आले. कोणी कोणाला ओळखत नाही. मग असं व्हायला लागलं की एखादा माणूस घरात मरून पडायचा आणि दिवसेंदिवस कोणाला कळायचं नाही. 'एकाकी मरण' यासाठी जपानीत वेगळा शब्दच आहे, आणि त्या घरांमुळे तो देशभर चर्चेत आला. म्हणून २०११ च्या त्सुनामीनंतर इवानुमासारख्या गावात वस्तीच्या वस्ती एकत्र हलवली, जुना शेजार तसाच ठेवून. पुढे संशोधकांनी पाहिलं तर गटाने गेलेल्यांचं एकमेकांत जाणं-येणं टिकलं होतं, आणि सोडतीत एकेकटे गेलेल्यांचं कमी झालं होतं.

कोबेच्या त्याच भूकंपातली दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. आवाजी बेटावर होकुदान नावाचं छोटं गाव होतं, भूकंपाच्या अगदी तोंडाशी. तिथे ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसांना गावच्याच लोकांनी त्याच दिवशी शोधून काढलं. कारण शेजाऱ्यांना माहीत होतं की या घरात कोण कुठल्या खोलीत झोपतं. आजोबा मागच्या खोलीत, सून उजव्या बाजूला. तिथेच उकरायचं. किल्लारीलाही लष्कर पोचायच्या आधी जे हात दगड उपसत होते ते शेजाऱ्यांचेच. मला तिथे कोणी कोणी सांगितलं, आम्ही आवाज ऐकून नव्हतं काढलं, बाज कुठं असते ते ठाऊक होतं म्हणून काढलं.

आता मी तुम्हाला विचारतो. आपल्या सोसायटीत बेचाळीस घरं. तुमच्या लागून असलेल्या घरात रात्री कोण कुठे झोपतं, सांगता येईल? पहिल्या दहा वर्षांत सांगता आलं असतं. तेव्हा घरं नुकती बांधलेली, हापशीचं पाणी खारं, खारपाणपट्ट्यातला आपला जन्म. गोड पाण्याचा टँकर आला की सगळे बादल्या घेऊन एकाच ठिकाणी. भांडणं तिथेच, सोयरिकी तिथेच. नळ आल्यावर सोय झाली आणि भेट संपली. नळ नको होता असं मी मुळीच म्हणत नाही, माझ्या बायकोने ऐकलं तर घरात घेणार नाही.

आज या बेचाळीसपैकी अकरा घरांना कुलूप आहे. पोरं पुण्याला, नागपूरला, काही परदेशात. माझाही पुण्यालाच आहे. दर फोनला म्हणतो, बाबा, आता तिकडे काय ठेवलंय, इकडे या. त्याचं चूक नाही. त्याच्या फ्लॅटला लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे. गेलो होतो मी दोन महिने. गेटवर रोज वॉचमन विचारायचा, "काका, कोणाकडे?" मी फ्लॅट नंबर सांगायचो. दोन महिने रोज. तिथे माझी ओळख एक नंबर. इथे मी रात्री अकराला अंधारात खोकलो तरी समोरच्या वहिनी विचारतात, "भाऊजी, बरं नाही का?" परवा त्यांनी काढा पाठवला, तो फार कडू होता, हे त्यांच्यासमोर आज पहिल्यांदाच सांगतो.

हे सगळं आज सांगण्याचं कारण आहे. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत सहा नंबरचा विषय आहे, खुल्या जागेवर पत्रे टाकून सोळा गाड्यांचं पार्किंग करण्याचा. त्या जागेवर निंबाचं झाड आहे आणि भोवतालचा वट्टा आपण वर्गणी काढून बांधला आहे. गाड्या वाढल्या, रस्त्यात लागतात, परवा अँब्युलन्सला वळता आलं नाही, हे सगळं बरोबर आहे. त्यावर तोडगा हवाच. पण तो वट्टा म्हणजे आपल्याकडची ती अरुंद गल्ली आहे. तिथे सकाळी आम्ही रिटायर लोक पेपर वाचतो, दुपारी बाया कापसाच्या वाती वळतात, संध्याकाळी पोट्टे खेळतात, आणि कोण आजारी, कोणाचं पोरगं नापास, कोणाच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही, हे तिथेच कळतं. रोडग्याची पंगतही तिथेच. उद्या पेढीला किंवा पूर्णेला पूर आला, आग लागली, काहीही झालं, तर आपण सगळे धावत जमणार कुठे? सोळा गाड्यांच्या मध्ये?

माझं मत मी सभेत मांडीन, इथे निवडणुकीचा प्रचार करत नाही. फक्त एवढी सूचना करतो की पूर्वेकडच्या कंपाउंडला लागून जी पट्टी मोकळी पडली आहे तिची मोजणी करून घ्यावी. माझ्या अंदाजाने तिथे दहा गाड्या बसतात. उरलेल्या सहा गाड्यांचे मालक आणि मी चहाला बसू.

दुसरी गोष्ट मी स्वतःच करून आणली आहे. ही वही. बँकेच्या जुन्या लेजरसारखी आखली आहे. प्रत्येक घराला एक पान. घरात कोण कोण राहतं, रात्री कोण कुठे झोपतं, एकटं कोण आहे, कोणाला कोणतं औषध रोज लागतं, बाहेरगावच्या मुलाचा फोन नंबर, आणि कुलूप लावून गेलात तर चावी कोणाकडे. शेवटचा रकाना मी मुद्दाम ठेवला आहे, परिचय देणाऱ्याची सही. लागून नसलेल्या, दुसऱ्या ओळीतल्या घरातून कोणीतरी सही करायची की या घरातल्या सगळ्यांना मी नावाने ओळखतो. ज्यांना अशी सही मिळणार नाही त्यांनी लाजू नये, सही मिळेपर्यंत त्या ओळीत चहाला जात राहावं. वही कपाटात कुलपात राहील, ती सेक्रेटरी साहेबांची जबाबदारी.

माझं पान भरलं आहे. परिचयाचा रकाना अजून कोरा आहे. रविवारी सकाळी आठ वाजल्यापासून मी वट्ट्यावर वही घेऊन बसतो. पेन आपापला आणावा, माझा कोणीतरी घेऊन जातं.